कळवण्याची जबाबदारी कोणाची?

आमच्या दिवाळे गावात सकाळ खाडीच्या बाजूनं उजाडते. होड्या किनाऱ्याला लागतात, पाट्या भरून मासळी वर येते आणि बाजारात बसलेल्या मावश्यांचा आवाज हळूहळू चढत जातो. अशाच एका सकाळी मी बोंबील घेत उभा होतो. शेजारचे नाखवा जवळ आले. एरवी चार घरं पलीकडे ऐकू जाईल असं बोलणारा माणूस. त्या दिवशी कानाशी येऊन म्हणाले, ‘‘भाई, तू शिकलेला हाय. पोराला पोलिसांनी बोलावलाय. जरा चल ना आमचे बरोबर.’’

कविता लिहिणाऱ्या माणसाला गावात कशाकशासाठी बोलावतात याची एक गंमतच आहे. रेशनकार्डाचा अर्ज, लग्नपत्रिकेचा मजकूर, वर्गणीच्या पावतीवरची दोन ओळींची विनंती. मराठी घेऊन बी. ए. झाल्याचा हा फायदा. पण पोलीस ठाण्यात सोबत म्हणून जायची माझी ती पहिलीच वेळ होती.

मुलगा एकोणीस वर्षांचा. सकाळी बापाबरोबर होडीवर, दुपारी कॉलेजात. समोर बसलेल्या अधिकाऱ्यांनी एक कागद काढला. त्यावर खात्याचं नाव, मोबाइलचा नंबर, तारीख आणि वेळ, अगदी सेकंदापर्यंत. आठ महिन्यांपूर्वी या मुलानं एक चित्रफीत अकरा मित्रांना पाठवली होती. एका लहान मुलीवर अत्याचार होत असल्याची ती चित्रफीत. तिच्यात काय होतं हे मी सांगणार नाही, आणि मी ती पाहिलेलीही नाही. खाली मजकूर होता, ‘या नराधमाला पकडेपर्यंत शेअर करत राहा.’ मुलगा रडवेला होऊन म्हणाला, ‘‘साहेब, मी तर चांगल्यासाठीच पाठवला. डोकं फिरलं होतं बघून.’’ अधिकारी शांत माणूस होता. म्हणाला, ‘‘हेतू काय होता ते आम्ही तपासू. पण त्या पोरीला आणखी अकरा जणांनी बघितलं ते तुझ्यामुळे, एवढं लक्षात ठेव.’’ जबाब लिहून घेतला, फोन तपासणीसाठी ठेवून घेतला आणि आम्हाला सोडलं.

परतीच्या वाटेवर नाखवा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘भाई, पोरानं घरात बसून काय धाडलं ते पोलिसांना कळला कसा?’’

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. त्याचं उत्तर शोधताना मी जे वाचलं, जाणकारांना विचारलं, ते आज तुम्हाला सांगतो.

इंटरनेटवरच्या मोठ्या कंपन्यांकडे एक यंत्रणा असते. माणसाच्या बोटाचा ठसा घेतात तसा ती चित्राचा ठसा घेते. हा ठसा म्हणजे आकड्यांची एक लांबलचक माळ. चित्र थोडं कापलं, लहानमोठं केलं, तरी ठसा ओळखता येतो. मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि हॅनी फरीद नावाचे प्राध्यापक यांनी २००९ मध्ये ‘फोटोडीएनए’ या नावानं ही पद्धत तयार केली. अत्याचाराची म्हणून एकदा नोंद झालेली चित्रं या ठशांच्या यादीत जातात. पुढे जगात कुठेही कुणी तेच चित्र चढवलं की ठसा जुळतो. चित्रात काय आहे हे तिथे कुणी माणूस बसून बघत असतो असं नव्हे, यंत्र फक्त आकडे जुळवतं.

ठसा जुळला की पुढे काय? या कंपन्या बहुतेक अमेरिकेतल्या. तिथल्या कायद्यानं त्यांना असा प्रकार आढळला की हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या एका राष्ट्रीय केंद्राला कळवावंच लागतं. एनसीएमईसी हे त्याचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव. हे केंद्र १९८४ सालचं, आणि खबर देण्याची त्याची सायबर टिपलाइन १९९८ पासूनची. खबर कुठल्या देशातली आहे ते पाहून केंद्र ती त्या देशाकडे पाठवतं. एप्रिल २०१९ मध्ये आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं, म्हणजे एनसीआरबीनं, या केंद्राशी करार केला, आणि भारतातल्या खबरा नियमितपणे आपल्याकडे येऊ लागल्या. दिल्लीहून त्या राज्यांकडे जातात. आपल्या राज्यात हे काम ‘महाराष्ट्र सायबर’कडे आहे. ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ नावाची त्यांची मोहीम याच खबरांच्या आधारे उभी राहिली होती. या महाराष्ट्र सायबरचं मुख्यालय आता आमच्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर, महापे इथे आहे. तिथून कागद जिल्ह्याजिल्ह्यांच्या, आयुक्तालयांच्या पोलिसांकडे जातो.

म्हणजे बघा, नाखवांच्या घरापासून पोलीस ठाणं पायी काही मिनिटांवर. पण मुलाच्या त्या चित्रफितीची खबर दिवाळ्यातून निघाली ती अमेरिकेला गेली, तिथून दिल्लीला, दिल्लीहून राज्याकडे, आणि मग बेलापूरला परत आली. आठ महिन्यांनी. या आठ महिन्यांत ती चित्रफीत किती फोनांवर पोचली असेल, आणि मुख्य म्हणजे चित्रफितीतली ती मुलगी कुठे असेल, तिच्यापर्यंत कुणी पोचलं असेल का, याचा विचार मला अजून सुटलेला नाही.

आता आकडे. २०२३ या एका वर्षात त्या अमेरिकी केंद्राकडे जगभरातून ३ कोटी ६२ लाखांच्या आसपास खबरा आल्या. त्यांतल्या सुमारे ८९ लाख भारताशी जोडलेल्या होत्या. कुठल्याही देशापेक्षा जास्त. हा आकडा वर्तमानपत्रांत आला तेव्हा आपल्याकडे माना खाली गेल्या. पण तो जरा जपून वाचायला हवा. ८९ लाख म्हणजे तेवढे गुन्हेगार नव्हेत आणि तेवढी मुलंही नव्हेत. एकच चित्रफीत हजार जणांनी पुढे पाठवली तर तिच्या कितीतरी खबरा होतात. फेसबुकनं २०२१ मध्ये आपल्याच नोंदींची तपासणी करून सांगितलं की त्यांनी दोन महिन्यांत कळवलेल्या मजकुरापैकी ९० टक्क्यांहून अधिक मजकूर आधी कळवलेल्याचीच नक्कल होता, आणि निम्म्याहून अधिक नकला तर अवघ्या सहा चित्रफितींच्या होत्या. पाठवणाऱ्या १५० खात्यांची त्यांनी बारकाईनं छाननी केली. त्यांतल्या तीनचतुर्थांशाहून अधिक लोकांचा हेतू वाईट दिसला नाही. कुणी संतापानं पाठवलं होतं, कुणी गलिच्छ थट्टा म्हणून.

आमचा नाखवांचा मुलगा या संतापलेल्यांच्या यादीतला. पण त्या सहा चित्रफितींमधल्या मुलांच्या बाजूनं विचार केला तर हेतूचा हा हिशेब फार उपयोगाचा नाही.

कळवण्याची ही कल्पना काही इंटरनेटबरोबर आलेली नाही. तिची एक जुनी गोष्ट आपल्या शेजारी, गोव्यात आहे. मडगावात अनाथ मुलांसाठी आसरा चालवणाऱ्या फ्रेडी पीट्स या माणसाला १९९१ मध्ये अटक झाली. त्याच्याकडे मुलांच्या अत्याचाराची दोन हजारांहून अधिक छायाचित्रं सापडली. परदेशी गिऱ्हाइकांपर्यंत धागे गेले. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली आणि पुढे तो तुरुंगातच मेला. ज्यांचा फोन हा कॅमेरा आहे त्या आजच्या पिढीला सांगावं लागेल की तेव्हा फोटो काढला की रीळ धुवायला द्यावं लागे. म्हणजे छायाचित्र काढणारा आणि पाहणारा यांच्यामध्ये अंधाऱ्या खोलीत बसलेला एक तिसरा माणूस असे.

गोव्याच्या २००३ च्या बाल कायद्यानं या तिसऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. रीळ धुताना मुलांची अश्लील छायाचित्रं आढळली तर फोटो डेव्हलप करणाऱ्यानं जवळच्या पोलीस ठाण्याला कळवलंच पाहिजे. न कळवल्यास किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि किमान पन्नास हजारांचा दंड. मला हे कलम फार शहाणपणाचं वाटतं. त्यानं स्टुडिओवाल्याला पोलीस बनवलं नाही, त्याला सगळ्यांचे फोटो तपासत बसायला सांगितलं नाही. तुझ्या हातात आलं आहे, तुला दिसलं आहे, तर गप्प बसू नको, एवढंच सांगितलं. आज जे नियम मोठमोठ्या कंपन्यांना लावले जात आहेत, त्यांचं मूळ मला या अंधाऱ्या खोलीत दिसतं.

मुंबईतही त्याच सुमारास हालचाल चालू होती. डिसेंबर २००० मध्ये एका स्विस दांपत्याला मुंबईत अटक झाली, गरीब मुलांना फूस लावून त्यांची छायाचित्रं काढल्याबद्दल. २००३ मध्ये त्यांना शिक्षा झाली. २००१ मध्ये दोन वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं की सायबर कॅफेत मुलांच्या समोर नको ते येतं आहे. न्यायालयानं त्या पत्राचीच दखल घेतली आणि समिती नेमली. ते कॅफे तुम्हाला आठवत असतील. प्लायवूडचे खोपटे, मध्ये पडदा, तासाला वीस-तीस रुपये. मी माझी पहिली ई-मेल बेलापुरात अशाच एका खोपट्यात बसून एका संपादकांना पाठवली आणि ती पोचली का हे विचारायला संध्याकाळी त्यांना फोनही केला! समितीनं सुचवलं की मुलांना आडोशाला नव्हे, सगळ्यांना दिसेल अशा मोकळ्या जागेतल्या संगणकावर बसवावं. सूचना चांगली होती. पण काही वर्षांत कॅफे गेले आणि आडोसा प्रत्येकाच्या खिशात आला.

कायदाही त्यामागोमाग सरकत गेला. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती झाली आणि ऑक्टोबर २००९ पासून ६७ ब हे कलम लागू झालं. मुलांचं असं चित्रण प्रसिद्ध करणं, पाठवणं, शोधणं, उतरवून घेणं, सगळंच गुन्हा. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. मग १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, पोक्सो कायदा अमलात आला. त्याचं १९ वं कलम म्हणतं की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला माहीत आहे त्या कुणीही पोलिसांना कळवलं पाहिजे. कुणीही. शिक्षक, डॉक्टर, शेजारी, नातेवाईक. आणि २० व्या कलमात प्रसारमाध्यमं, हॉटेल, लॉज, रुग्णालय, क्लब यांच्या जोडीला चक्क ‘स्टुडिओ’ हा शब्द आहे. गोव्याचा तो फोटोवाला असा देशाच्या कायद्यात येऊन बसला. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखानं दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलानं स्वतः सांगितलं नाही म्हणून मुलाला मात्र शिक्षा नाही.

मार्च २०२० मध्ये पोक्सोचे नवे नियम आले. त्यांतला ११ वा नियम थेट इंटरनेट कंपन्यांना लागू होतो. कायद्याच्या भाषेत त्यांना ‘मध्यस्थ’ म्हणतात. नियम सांगतो की असा मजकूर मिळाला की पोलिसांच्या विशेष बाल पथकाला, स्थानिक पोलिसांना किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर कळवा. आणि मध्यस्थ असाल तर नुसतं कळवून थांबू नका, तो मजकूर आणि तो जिथून आला त्या मूळ जागेची माहितीही द्या.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचे वेगळे नियम आले. भारतात पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांनी इथे जबाबदार अधिकारी नेमावेत, दर महिन्याला अहवाल द्यावा, पोलिसांनी माहिती मागितली तर ७२ तासांत द्यावी. सरकारचा किंवा न्यायालयाचा आदेश आल्यावर मजकूर काढायला तेव्हा ३६ तास होते. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनं ते ३ तासांवर आले. एखाद्या व्यक्तीच्या नग्नतेच्या चित्राबद्दल त्या व्यक्तीनं तक्रार केली तर आधी २४ तास होते, आता २. संगणकानं बनवलेल्या खोट्या चित्रांनाही या दुरुस्तीनं नियमात घेतलं. हे आवश्यकच होतं, कारण आता शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या साध्या फोटोवरूनही घाणेरडं चित्र तयार होऊ शकतं.

या दोन नियमांमधला फरक मला शब्दांच्या माणसाला खटकला म्हणून सांगतो. २०२१ च्या नियमात मोठ्या कंपन्यांनी असं चित्रण यंत्राच्या मदतीनं ओळखण्याबद्दल जे लिहिलं आहे त्याचा सूर ‘प्रयत्न करावा’ असा आहे. २०२० च्या नियमाचा सूर ‘कळवलं पाहिजे’ असा आहे. एक नियम मुख्यतः काढून टाकण्याविषयी बोलतो, दुसरा कळवण्याविषयी. या दोन गोष्टी एक नव्हेत.

हे मी नाखवांना सांगितलं तेव्हा त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळलं. ते म्हणाले, खाडीत कधी कधी जाळ्यात प्रेत येतं. वास येतो, भीती वाटते, मासळी फुकट जाते, पोलिसांच्या खेपा पडतात. सोपं काय, तर जाळं झटकायचं आणि पुढे जायचं. होडी स्वच्छ. पण तो कुणाचा तरी मुलगा असतो, घरचे वाट बघत असतात. म्हणून किनाऱ्याला येऊन सांगायचं असतं. कंपनी मजकूर नुसता काढून टाकते तेव्हा तिचं अंगण स्वच्छ होतं. मूल मात्र जिथे होतं तिथेच राहतं, त्याच माणसाच्या हातात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मंत्रालयानं एक्स, यूट्यूब आणि टेलिग्राम यांना नोटिसा पाठवल्या, त्यांत असा मजकूर हटवला नाही तर कायद्याचं संरक्षण जाईल असं बजावलं होतं. हे संरक्षण म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७९ वं कलम. पोस्टमननं आणलेल्या पत्रात शिवी असेल तर आपण पोस्टमनला पकडत नाही, तसाच हा विचार. दुसऱ्यानं चढवलेल्या मजकुराबद्दल कंपनीला जबाबदार धरायचं नाही, पण तिनं पुरेशी काळजी घेतली असेल तरच.

ती काळजी म्हणजे नेमकी किती, हे सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०२४ रोजी सांगितलं. खटला तमिळनाडूतला. फोनमध्ये असं चित्रण सापडलेल्या एका तरुणाविरुद्धचा खटला मद्रास उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जानेवारीत रद्द केला होता. नुसतं उतरवून पाहणं हा गुन्हा नाही, असं त्यांचं मत. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांनी ते फिरवलं. बाळगणं हासुद्धा गुन्हा होऊ शकतो, आणि ज्याच्याकडे असं काही आलं त्यानं ते मिटवावं, नष्ट करावं किंवा कळवावं, या कायद्यातल्या अटीला त्यांनी धार दिली. कंपन्यांबाबत निकाल आणखी स्पष्ट आहे. कंपन्या फक्त त्या अमेरिकी केंद्राला कळवतात आणि आपलं काम झालं असं समजतात, हे न्यायालयानं नोंदवलं. तेवढं पुरेसं नाही. पोक्सोप्रमाणे इथल्या पोलिसांनाही कळवलं नाही तर ७९ व्या कलमाची ढाल मिळणार नाही.

नाखवांच्या मुलाच्या कागदाचा तो आठ महिन्यांचा फेरा आठवा, म्हणजे या निकालाचं मोल ध्यानात येईल. निकाल कागदावर आहे, त्याची सवय पडायला वेळ लागेल. आपल्या पोलीस ठाण्यांत रोज अशा हजारो खबरा थेट येऊ लागल्या तर त्या वाचायला, निवडायला शिकलेली माणसं किती आहेत, हाही प्रश्न आहेच. आठ महिने सगळे वाटेतच गेले असतील असं मला वाटत नाही. काही महिने कुठल्या तरी टेबलावरही गेले असतील.

त्याच निकालात शब्दाबद्दल एक गोष्ट होती, ती कवी म्हणून मला जास्त भिडली. न्यायालयानं सांगितलं की ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्द वापरू नका. त्यात दोन प्रौढांनी राजीखुशीनं केलेल्या चित्रणाचा वास येतो. मुलाची राजीखुशी असूच शकत नाही. त्याऐवजी मुलांचं लैंगिक शोषण आणि अत्याचार दाखवणारं ‘मटेरियल’ म्हणा. आता मराठीत या मटेरियलला काय म्हणायचं? काही ठिकाणी ‘बाल लैंगिक शोषण साहित्य’ असं छापून येतं. माझं आयुष्य साहित्य या शब्दाच्या सोबतीनं गेलं. तो इथे बघून मी अक्षरशः दचकलो. ‘अश्लील चित्रफीत’ म्हटलं तर सगळा दोष अश्लीलतेकडे जातो, जणू पाहणाऱ्याच्या सभ्यतेचाच प्रश्न आहे. मी माझ्यापुरता ‘अत्याचाराचं चित्रण’ असा शब्द धरला आहे. अत्याचार आधी झाला, चित्रण नंतर, हे त्यातून कळतं. याहून चांगला शब्द कुणाला सुचला तर जरूर कळवावा.

एक अडचण राहते, आणि ती सोपी नाही. व्हॉट्सॲपसारख्या ॲपवर निरोप कुलूपबंद असतो. पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडेच किल्ली, मधल्या कंपनीलाही आत दिसत नाही. तिथे ठसे जुळवण्याची युक्ती चालत नाही. २०२१ च्या नियमांत सरकारनं म्हटलं की असा गंभीर गुन्हा असेल तर निरोप प्रथम कुणी पाठवला ते कंपनीनं शोधून द्यावं. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एकाचा माग काढायचा तर सगळ्यांचीच कुलपं खिळखिळी करावी लागतील, असं कंपनीचं म्हणणं.

माझे अब्बा जहाजावर नोकरीला होते. त्यांची पत्रं यायची तेव्हा अम्मीला ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. पण पाकीट फोडायची ती स्वतःच, आणि कधी कधी एखादा कागद घडी करून बाजूला ठेवायची. तो मी कधी वाचला नाही. त्यामुळे बंद पाकिटाबद्दल मला आदर आहे, आणि सगळ्या देशाच्या पाकिटांची किल्ली कुणा एका हातात असावी असं मला वाटत नाही. त्याच वेळी त्या मुलीचाही विसर पडत नाही. दोन्ही टोकं सांधणारं उत्तर माझ्याजवळ नाही. पण एक गोष्ट कुलूप न तोडता होऊ शकते. पाकीट ज्याच्या हातात पडलं त्याला आतलं दिसतंच. गोव्याच्या कायद्यातला तो अंधाऱ्या खोलीतला माणूस आता आपणच आहोत. व्हॉट्सॲपमध्येही तक्रार करण्याची सोय आहे, आणि तक्रार केली की तो निरोप कंपनीला दिसतो.

तेव्हा असं काही तुमच्या फोनवर आलं तर? पहिलं म्हणजे पुढे पाठवायचं नाही. पोलिसांनी बघावं म्हणून नाही, वकील मित्राला दाखवायला नाही, संताप म्हणून तर नाहीच. ज्या नंबरवरून किंवा खात्यावरून आलं तो, गटाचं नाव, तारीख आणि वेळ कागदावर लिहून घ्यावी. मग सरकारच्या पोर्टलवर नोंद करावी: सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. ते सप्टेंबर २०१८ मध्ये मुळात महिला आणि मुलांविरुद्धच्या अशाच मजकुरासाठी सुरू झालं, आणि या प्रकारची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. हे जमत नसेल तर सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जावं. मूल ओळखीचं असेल, धोका समोर असेल, तर वेळ न घालवता ११२ किंवा मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक फिरवावा. मुलाचं नाव, शाळा, पत्ता कुठेही उघड करायचा नाही; तोही कायद्यानं गुन्हा आहे.

आणि आपल्याच घरातल्या मुलानं फसून स्वतःचा फोटो कुणाला पाठवला असेल तर? हे प्रसंग वाटतात तितके दुर्मिळ नाहीत. आधी त्याला मारू नका, फोन हिसकावू नका. धमकी देणाऱ्याची सगळी ताकद मूल घरी सांगणार नाही या खात्रीवर उभी असते. त्या अमेरिकी केंद्राचीच ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवा आहे, अठरा वर्षांखालच्या मुलांच्या चित्रांसाठी. त्यात फोटो कुणाकडे पाठवावा लागत नाही. मुलाच्या स्वतःच्या फोनवरच त्याचा ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. पोलिसांत तक्रार त्याबरोबर करायचीच.

नाखवांच्या मुलाचा फोन अजून परत मिळालेला नाही. चौकशी चालू आहे. तो आता बापाचा जुना बटणांचा फोन वापरतो आणि त्याबद्दल त्याची आजी खूश आहे. मागच्या आठवड्यात नाखवांनी मला सांगितलं, भाई, गावच्या ग्रुपवर टाकायला चार ओळी लिहून दे, लोकांना कळू दे. मी नेटकं लिहिलं: ‘बालकांवरील अत्याचाराचे चित्रण प्राप्त झाल्यास ते अग्रेषित न करता तत्काळ पोलिसांना अवगत करावे.’ मुलानं कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाला, ‘‘भाई, अग्रेषित कुणाला समजणार? फॉरवर्ड लिही. आन् अवगत काढून टाक.’’

मी दोन्ही शब्द खोडले. बाकीच्या ओळी त्यानं सांगितल्या, मी लिहून घेतल्या.